भिंतीवरचं वळण

मनवाने दोन्ही ब्रेक करकचून दाबले. चाकं जागच्या जागी थांबली, पण सायकल थांबली नाही.

ती तशीच सरळ घसरत निघाली. समोर वळण होतं. मनवाने हँडल उजवीकडे फिरवलं, पुढचं चाकही उजवीकडे वळलं, तरी सायकल आपली नाकासमोर. वळणावर लावलेल्या फोमच्या जाड गादीत ती जाऊन घुसली आणि मनवा सीटवरून उडून हवेत गेली.

चंद्रावर पडायलासुद्धा वेळ लागतो. आपण पडतो आहोत, सगळे बघत आहेत, आता हसणार आहेत, हे सगळं मनवाला हवेतच समजलं. ती खाली पोचेपर्यंत मुलांचं अर्धं हसून झालं होतं.

अकरा वर्षांची मनवा भोईटे फलटणची. तालुक्याच्या सायकल शर्यतीत सलग दोन वर्षं पहिली आलेली. महिन्याभरापूर्वी ती चंद्रावर विवरवाडीत राहायला आली. विवरवाडी चंद्राच्या पोटात आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं तापलेला लाव्हा (वितळलेला खडक) नदीसारखा वाहत होता. वरचा थर थंड होऊन त्याचं छत झालं, आतला लाव्हा वाहून गेला आणि मागे लांबच लांब पोकळ नळ्या उरल्या. माणसांनी त्यातल्या काही नळ्यांची तोंडं बंद केली, आत हवा भरली, दिवे लावले आणि वस्ती केली. मनवाचे आजोबा, तिच्या आईचे वडील, या वस्तीत बरीच वर्षं राहत होते. डॉ. सयाजी रणवरे त्यांचं नाव. सगळे त्यांना आबा म्हणत. चंद्रावरच्या धुळीवर ते संशोधन करत. शिवाय चंद्रावर वजन कमी भरत असल्यामुळे त्यांचे गुडघे इथं खूश होते.

मनवाची आई खडकांची अभ्यासक. खरं तर आईजवळ राहता यावं म्हणून मनवा एवढ्या लांब आली होती. पण ती पोचली त्याच आठवड्यात एका नव्या नळीचं काम निघालं आणि आई तिकडं गेली. रोज स्क्रीनवर बोलणं व्हायचं, तेवढंच.

आणि म्हणूनच मनवाला ही शर्यत हवी होती. नवी नळी हवा भरून पहिल्यांदा उघडणार होती. आत पहिल्यांदा सायकल चालवण्याचा मान वस्तीतल्या मुलांना मिळणार होता. वार्षिक शर्यतीत जे पहिले दोन येतील, त्यांना. दोन अशासाठी, की नळीत कुणी एकट्याने जायचं नाही, असा तिथला कडक नियम होता.

"लागलं का गं?" अस्मा मुजावर जवळ आली. गेल्या वर्षीची विजेती. दोन वर्षांची असताना ती चंद्रावर आली होती, पृथ्वी तिला आठवतही नव्हती.

"नाही," मनवा म्हणाली. तिने सायकल उचलली. एका हाताने, सहज. चंद्रावरची सायकल लांबलचक आणि बुटकी असते, रुंद टायरांची. मुलं तिला 'सुसर' म्हणायची. एवढी मोठी सुसर हातात शाळेच्या दप्तरापेक्षा हलकी लागत होती.

मनवा सायकलकडे बघतच राहिली. इतकी हलकी वस्तू, मग ती थांबत का नाही?

संध्याकाळी तिने हाच प्रश्न आबांना विचारला. ते तिला प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत घेऊन गेले. तिथं चंद्रमातीने भरलेल्या गोण्या होत्या.

"ही उचल बघू."

मनवाने गोणी एका हाताने उचलली. "हलकी आहे की!"

"आता अशा चार गोण्या या ढकलगाडीवर ठेव. मी गाडी ढकलतो. तू समोर उभी राहा आणि थांबव."

आबांनी गाडी ढकलली. फार जोरात नाही, चालण्याच्या वेगाने. मनवाने दोन्ही हात पुढे करून ती धरली. गाडी थांबली तर नाहीच, उलट मनवालाच मागे रेटत भिंतीपर्यंत घेऊन गेली. तिचे बूट फरशीवर करकरत घसरत होते.

"सांग आता, गोणी हलकी की जड?"

मनवा विचारात पडली. "उचलायला हलकी. थांबवायला जड."

"शाब्बास!" आबा खूश झाले. "अगं, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. वजन म्हणजे चंद्र किंवा पृथ्वी वस्तूला खाली ओढते तो जोर. चंद्राची ओढ पृथ्वीपेक्षा सहापट कमी, म्हणून उचलताना हलकं वाटतं. पण गोणीतली माती तेवढीच आहे ना? कुठं सांडली तर नाही? वस्तूत किती पदार्थ भरला आहे, त्याला वस्तुमान म्हणायचं. ते फलटणला जेवढं, तेवढंच इथं. आणि जेवढं वस्तुमान जास्त, तेवढं जडत्व (आहे त्याच स्थितीत राहण्याचा वस्तूचा हट्ट) जास्त. थांबलेली वस्तू म्हणते, मी थांबणार. चाललेली म्हणते, मी सरळच जाणार."

"पण आबा," मनवा म्हणाली, "मग हा हट्ट पृथ्वीवरही एवढाच असणार. तिथं मी ही गाडी थांबवली असती. नक्की थांबवली असती."

आबांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "तुझे बूट काय करत होते?"

"घसरत होते."

"या टेबलावर हात ठेव. नुसता टेकव आणि सरकव. सरकतो? आता वरून दाबून सरकव बरं."

दाबल्यावर हात टेबलाला जणू चिकटला. मनवाने पुन्हा हलकेच ठेवून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं. हळूहळू तिचे डोळे मोठे झाले.

"जितकं दाबाल तितकी पकड!"

"त्या पकडीचं नाव घर्षण (दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकताना होणारी अडवणूक). टायरला जमिनीवर कोण दाबतं? सायकलचं आणि तुझं वजन. ते इथं सहापट कमी, म्हणजे पकडही सहापट कमी. लोकांना वाटतं, ब्रेक सायकलला थांबवतो. तसं नाही. ब्रेक फक्त चाकाला थांबवतो. सायकलला थांबवते ती जमीन. आणि वळवतेही जमीनच."

"म्हणजे सायकलचा हट्ट पृथ्वीवर होता तेवढाच," मनवा सावकाश म्हणाली, "पण तो मोडणारी जमीन इथं दुबळी झाली."

दुसऱ्या दिवसापासून ती वेगळ्या पद्धतीने सायकल चालवू लागली. ब्रेक खूप आधी, अगदी हलक्या हाताने, अस्मा शिकवत होती तसा. वळणाच्या आधीच वेग कमी. ट्रॅकवर एक उंचवटा होता, तिथंही अस्माने तिला बजावलं, "वेगात गेलीस तर उडशील. आणि हवेत ना ब्रेक चालतो ना हँडल. उतरशील तेव्हा वळण निघून गेलेलं असेल." मनवा एकदा उडालीच. अस्मा म्हणाली तसंच झालं.

सरावात ती शेवटून वर सरकत चौथी येऊ लागली. पण चौथ्याच्या पुढे जाईना. अस्मा आणि निहाल तिच्या आवाक्याबाहेर होते. निहाल हा लांब पायांचा मुलगा, सरळ रस्त्यावर वाऱ्यासारखा जायचा. सगळ्यांनाच वळणावर गोगलगाय व्हावं लागत होतं आणि गोगलगाय होण्यात या मुलांचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

शर्यत आठ दिवसांवर आली. मनवा आबांबरोबर जेवायला बसली होती. आईशी बोलणं नुकतंच झालं होतं. "नाही आलीस तरी चालेल गं, मी महिन्याभरात येतेच," असं आई म्हणाली होती, आणि ते ऐकून मनवाची भूकच गेली होती. वाटीत एक उकडलेला वाटाणा उरला होता. ती उगाच वाटी गोल गोल फिरवत बसली. वाटाणा आधी तळाशी फिरला. वाटी जोरात फिरवल्यावर तो वाटीच्या उभ्या भिंतीवर चढला आणि तिथंच गरगरत राहिला.

मनवाचा हात थांबला. वाटाणा खाली आला. तिने पुन्हा वाटी फिरवली. वाटाणा पुन्हा वर.

"आबा," ती म्हणाली, "फलटणच्या जत्रेत मौत का कुआँ येतो. लाकडी विहिरीत माणूस उभ्या भिंतीवर मोटारसायकल चालवतो. तो पडत का नाही?"

"वेग असतो म्हणून. मोटारसायकलला सरळ जायचं असतं, पण समोर सारखी भिंत आडवी येते. मोटारसायकल भिंतीला दाबते आणि भिंत तिला उलट आत ढकलते. म्हणून ती गोल फिरते."

"म्हणजे तिथं वळवणारी भिंत असते. जमीन नाही."

आबांचा घास हातातच राहिला.

"आपल्या ट्रॅकची नळी गोल आहे," मनवा घाईघाईने बोलू लागली. "फरशी संपली की भिंत वाटीसारखी वर चढत जाते. मोठ्या वळणावर मी वेग कमी केलाच नाही आणि बाहेरच्या भिंतीवर चढले तर? जमीन मला वळवू शकत नाही, पण भिंत वळवेल! पृथ्वीवर त्याला मोटारसायकल लागते. इथं ओढ कमी, म्हणजे कमी वेग पुरेल. सायकलचा पुरेल का, आबा?"

आबांनी टेबलावर ओल्या बोटाने वळणाची आकृती काढली, मनाशी आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले.

"आकडे तर हो म्हणतात," ते म्हणाले. "पण मी हे कधी पाहिलेलं नाही, आणि आकड्यांना डोकं फुटण्याची भीती नसते. हेल्मेट, कोपर आणि गुडघ्यांना पॅड, खाली गाद्या. मग बघू."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक रिकामा असताना त्यांनी वळणावरच्या भिंतीच्या गाद्या काढून खाली पसरल्या. पहिल्या खेपेला मनवा शेवटच्या क्षणी घाबरली, पेडल मारायची थांबली आणि भिंतीवरून घरंगळत गादीवर आली. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं.

"वेग गेला की भिंतीचं ढकलणं गेलं," आबा खालून ओरडले. "भिंत येताना दिसली की तुला थांबावंसं वाटणारच. तिथंच पेडल मार!"

तिसऱ्या खेपेला तिने दात आवळले आणि पेडल मारत राहिली. फरशी संपली. भिंत चाकाखाली आली, सायकल वर चढली, जग तिरकं झालं, आणि मनवा सीटवर दाबली गेली. हात जड झाले. गाल जड झाले. सायकल डुगडुगायची थांबली, टायर भिंतीला घट्ट धरून धावू लागले. वळण संपताच ती अलगद फरशीवर उतरली, वेग जराही न गमावता.

ती थांबली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"लागलं का?" आबा धावत आले.

"नाही. वर असताना मी जड झाले, आबा. पृथ्वीइतकी नाही, पण झाले. घरच्यासारखं वाटलं."

आबांनी तिच्या हेल्मेटवरून हात फिरवला. "तुझ्या हट्टामुळे तू भिंतीला दाबत होतीस. म्हणून जड वाटलं. आणि दाब वाढला की काय वाढतं?"

"पकड!" मनवा ओरडली. "म्हणजे जो हट्ट मला खाली पाडत होता, त्यानेच वर धरून ठेवलं!"

दोघंही हसली. मग आबा गंभीर झाले. "मनवा, हे सगळ्यांना सांगावं लागेल. शर्यतीच्या आधी."

तिचं हसू मावळलं. "का? भिंतीवर चढायचं नाही असा नियम कुठं आहे?"

"नियमात भिंतीचं नावच नाही, कारण हे कुणाच्या मनातच आलं नाही. पण तू वरून उतरत असशील आणि खाली कुणाला ते माहीतच नसेल, तर टक्कर होईल."

मनवा त्या रात्री लवकर अंथरुणात शिरली. तिने शोधलेली गोष्ट तिची होती. ती सगळ्यांना दिली की तिच्याकडे काय उरणार? ते पुन्हा पुढे आणि ती पुन्हा चौथी. आई आणखी महिनाभर स्क्रीनवरच. पण डोळे मिटले की तिला खालून येणारी अस्मा दिसायची, आणि आपण वरून थेट तिच्या अंगावर.

सकाळी तिने ट्रॅकवर सगळ्यांना बोलावून सांगितलं. आबांनी आयोजकांची परवानगी आधीच घेतली होती.

निहाल मोठ्याने हसला. "भिंतीवर पाली चालतात!"

बाकीचेही हसले. अस्मा हसली नाही. तिने वर वळणाच्या भिंतीकडे पाहिलं, मग मनवाकडे. "दाखव," ती म्हणाली.

मनवाने दाखवलं. एकदा वेगात, आणि एकदा मुद्दाम हळू जाऊन घरंगळून, म्हणजे काय करायचं नाही तेही कळावं. अस्माला ते जमायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ती मनवापेक्षा वर चढली.

"मी तुला ब्रेक शिकवला, तू मला भिंत," अस्मा म्हणाली. मनवाला बरं वाटलं, आणि थोडी धास्तीही वाटली.

शर्यतीच्या दिवशी अख्खी विवरवाडी ट्रॅकच्या कडेला जमली. शिट्टी झाली आणि सगळे सुटले. पेडलवर एकदम जोर दिला की इथं पुढचं चाक उचललं जातं, म्हणून जुने खेळाडू सावकाश निघाले. मनवाही तशीच निघाली. पहिली फेरी तिने फरशीवरच काढली. सगळे दाटीवाटीने चालले होते, वर चढायला जागा नव्हती. निहाल सर्वांत पुढे, मागोमाग अस्मा.

दुसऱ्या फेरीत मोठं वळण आलं तेव्हा समोर मोकळं होतं. मनवाने पेडल थांबवलं नाही. ती वर चढली, दोघांना मागे टाकून खाली उतरली. लोकांमधून मोठा आवाज उठला. पुढे अस्माही चढली होती, आणि निहाल पहिल्यावरून दुसऱ्यावर आला होता.

शेवटच्या फेरीत निहाल मनवाच्या थोडासाच पुढे राहिला होता. उंचवट्याआधी मनवाने हलकेच ब्रेक लावला आणि चाकं जमिनीवरच ठेवली. निहालला घाई होती. तो उंचवट्यावरून उडाला, हवेत तरंगत राहिला आणि वळणाच्या अगदी तोंडाशी उतरला. आता फरशीवर वळणं शक्यच नव्हतं. त्याने सायकल सरळ भिंतीवर घातली. पण भिंत येताच तो घाबरला आणि पेडल थांबवलं.

मनवा तेव्हा भिंतीवर होती. समोर निहालची सायकल डगमगली आणि खाली घसरू लागली, नेमकी तिच्या वाटेत. फरशीवर असती तर तिला काहीच करता आलं नसतं. पण ती फरशीवर नव्हती. टायर भिंतीला दाबून धरलेले होते. पकड होती! मनवाने हँडल किंचित वर वळवलं. या वेळी सायकलने ऐकलं. ती निहालच्या डोक्यावरून, जवळपास उभ्या भिंतीवरून, सर्रकन पुढे निघून गेली.

निहाल घरंगळत गादीवर जाऊन बसला. त्याला खरचटलंही नाही.

अस्मा पहिली आली. तिच्या मागोमाग मनवाने रेघ ओलांडली आणि मग खूप लांबपर्यंत हलके ब्रेक दाबत ती थांबली. निहाल सायकल हातात धरून चालत आला. त्याचे कान लाल झाले होते.

"पेडल कधी मारत राहायचं, ते मला पुन्हा एकदा सांगशील?" त्याने विचारलं.

"भीती वाटेल तेव्हाच," मनवा म्हणाली. "उद्या ये, गाद्या पसरून करू."

चार दिवसांनी नव्या नळीचा दरवाजा उघडला. आत अंधार होता आणि ताज्या दगडाचा कोरडा वास. दोघींनी सायकलींचे दिवे लावले आणि शेजारी शेजारी निघाल्या. इथल्या भिंतींना अजून गिलावा नव्हता. दिव्याच्या उजेडात त्या काळ्या काचेसारख्या चमकत होत्या.

"मी उन्हाळ्यात पृथ्वीवर जाणार आहे," अस्मा म्हणाली. "इथं आल्यापासून पहिल्यांदाच. तिथं सायकल चालवता येईल ना मला?"

मनवाने क्षणभर विचार केला. "तिथं पकड सहापट. तू इथल्यासारखा लवकर ब्रेक लावलास तर ठरल्या जागेच्या कितीतरी आधी थांबशील. मागून येणारे चिडतील. आणि उचलायला जाशील तेव्हा वाटेल, सायकलला कुणी दगड बांधलेत."

"आणि मंगळावर?"

"मंगळाची ओढ इथल्यापेक्षा जास्त आणि पृथ्वीपेक्षा कमी. म्हणजे पकडही मधलीच. भिंतीवर चढायला इथल्यापेक्षा जास्त वेग लागेल." ती हसली. "किती, ते आपण मोठ्या झाल्यावर तिथं जाऊन मोजू."

दूर एक दिवा हलला. कुणीतरी हात हलवत होतं. मनवाने खूप आधी ब्रेक लावला, सायकल बरोबर हवी तिथं उभी केली आणि मग मात्र तिला राहवेना. ती धावत सुटली. चंद्रावर धावणं म्हणजे लांब लांब उड्या, आणि धावून थांबणं त्याहून कठीण.

आईला हे माहीत होतं. तिने दिवा खाली ठेवला, नळीच्या भिंतीला पाठ घट्ट टेकवली आणि दोन्ही हात पसरले.